फितीचं दुसरं टोक

आमच्या दारावर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘बंद’.

गल्लीतल्या बाकी सगळ्या दारांवर आकडे होते. आमच्याच दारावर अक्षरं. मी सातवीत होते आणि मला उलट जरा भारीच वाटलं, की बघा, सगळ्यांना नुसता नंबर आणि आम्हाला अख्खा शब्द. आई कामावरून आली ती हातातली पिशवी तशीच धरून दारासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिव्हलंय गं?”

मी मोठ्याने वाचून दाखवलं.

“बंद कुठंय? मी काय मेले का?” असं म्हणून तिने कुलूप काढलं आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

घाटकोपरच्या डोंगरावर, भटवाडीच्याही वरच्या अंगाला आमचं ते पत्र्याचं घर. बिल्डिंग येणार म्हणून झोपड्या मोजायला माणसं आली होती. ज्याचं दार उघडं, त्याला नंबर. ज्याचं कुलूप, तिथे ‘बंद’. आई खाली पंतनगरात धुणीभांडी करायला गेलेली, मी शाळेत. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या वरच्याच गल्लीत त्याच मोजणीवाल्यांची फीत धरून उभे होते.

हे सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी रचून सांगतेय. पण अण्णांचं काम तेच होतं. जालन्याकडून आले तेव्हापासून ते एका मोजणीच्या ठेकेदाराकडे रोजावर होते. रस्ता असो, नाला असो, झोपडपट्टी असो, फितीचं एक टोक साहेबाच्या हातात आणि दुसरं अण्णांच्या. साहेब आकडा वाचणार, साहेबच लिहिणार. अण्णांनी फक्त टोक सोडायचं नाही. वस्तीत त्यांना फितवाला म्हणायचे. “काय फितवाले, आज कुणाची जमीन मोजली?” असं कोणी विचारलं, की ते म्हणायचे, “तुझ्या सासऱ्याची.”

त्या दिवशी शेजारणीने मोजणीच्या पोरांना सांगितलं होतं, की इथे माणसं राहतात, वरच्या गल्लीत तो फीत धरून उभाय ना, त्याचंच घर आहे हे. पोरगा म्हणाला, “मावशी, मला दार दिसतंय. माणूस नाही दिसत.”

पुढे यादी लागली. उघड्या दारांची माणसं पात्र, आम्ही अपात्र. रेशन कार्ड, लाइट बिल, माझा शाळेचा दाखला, सगळं घेऊन अण्णा हापिसांच्या पायऱ्या चढत राहिले. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, दारावर बंद लिहिलंय ना, मग बंद. शेजाऱ्यांच्या खोल्या बिल्डिंगमध्ये गेल्या. आमचं घर पाडलं. आम्ही भाड्याने राहायला लागलो आणि मग दर वर्षी टोपली-टमरेल उचलून नवीन खोली. अण्णांनी तेवढं दार सोबत आणलं. चांगला पत्रा आहे म्हणाले. प्रत्येक खोलीत ते दार माळ्याची फळी व्हायचं. खाली अंथरुणावर पडून मी वर बघायचे, तर उलटी दिसणारी तीच लाल अक्षरं. त्याच्याखाली मी दहावी केली, बारावी केली, इतिहास घेऊन बी.ए. केलं. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारो न विचारो. का नाही सांगायचं?

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शाळेच्या सुट्टीत मी अण्णांचा डबा पोचवायला जायचे. ते कसे उभे राहतात, खरं तर कसे बसतात, ते मला पाठ झालं होतं. एक गुडघा जमिनीला. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली फितीची पितळी कडी, खुणेवर घट्ट दाबलेली. आणि डावा हात वर, पंजा उघडा. तो पंजा म्हणजे साहेबाला इशारा, की कडी बसली, आता ताण आणि वाच. तोंडाने ओरडायचं नाही, गाड्यांच्या आवाजात ऐकू जात नाही. फीत ताणली गेली, की अंग जरा मागे कललेलं. लांबून बघितलं तर माणूस वाटतच नाही. रस्त्याच्या कडेला एखादं खुरटं झाड उगवल्यासारखं वाटतं.

बी.ए. झाल्यावर मला अंधेरीला, चकाल्याच्या बाजूला एका कंपनीत काम लागलं. परदेशातल्या ग्रंथालयांची, संग्रहालयांची जुनी पानं स्कॅन होऊन आमच्याकडे यायची आणि आम्ही ती कॉम्प्युटरवर साफ करायची. डाग काढायचे, दोऱ्याच्या सावल्या काढायच्या, नको ती खरड काढायची. या कामाला आमच्याकडे ‘क्लीनिंग’च म्हणायचे. पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “म्हंजे मी भांडी घासली, धुणी धुतली, तुला बी.ए. केली, आणि तू पण साफसफाईच करायली?”

“एसीत बसून करते,” मी म्हटलं.

“मग काय, लई फरक पडला!” आई म्हणाली आणि अण्णा हसून हसून खोकायला लागले.

मी त्या कामात चांगली होते. वेगात करायचे आणि चुका नसायच्या. म्हणून ऑस्ट्रेलियाची पानं आली तेव्हा टीम लीडरने ती मला दिली. तो पार्ल्याचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पण बरा होता. आमचं अरे-तुरेचं होतं.

सिडनीकडच्या एका ग्रंथालयाचं ते काम. तिथल्या आदिवासींनी समुद्राजवळच्या उघड्या कातळांवर चित्रं कोरलेली आहेत. उभ्या भिंतीवर नाही, पायाखालच्या सपाट दगडावर. इंग्रजांच्या काळात सरकारी नोकरीतला एक गृहस्थ रविवारच्या सुट्टीत रानात हिंडायचा. शंख, किडे, फुलं गोळा करायची हौस. हिंडता हिंडता त्याला ही चित्रं दिसली, मग तेच वेड लागलं. कोरलेल्या रेघांत खडू भरायचा, फीत लावून मापं घ्यायचा आणि मोठ्या कागदावर जसंच्या तसं उतरवायचा. त्याला काही कोणी शिकवलं नव्हतं, पण हात झकास होता. 

पहिलं पान उघडलं आणि मी बघतच राहिले. देवमासा, आणि देवमाशाच्या पोटात माणसं. कांगारू, उडी मारताना. ढाली. आणि पावलं. नुसती पावलं, एकापुढे एक, कातळावरून चालत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. मी ती रेघ मोठी करून बघितली. एकसलग नव्हती. आधी दगडावर ठोकून ठोकून खळग्यांची रांग करायची आणि मग ते खळगे घासून घासून एकमेकांत मिळवायचे, अशी ती रेघ होत असे, हे त्या गृहस्थाने खाली समजावून लिहिलं होतं. किती दिवस लागत असतील एका माशाला! मला काम करताना पहिल्यांदाच उठावंसं वाटेना.

त्याच पानाच्या तळाशी त्याने आणखी एक लिहून ठेवलं होतं. की ही चित्रं काढणाऱ्यांपैकी या भागात आता कोणी उरलेलं नाही. आपण इतक्या वेळा इथे आलो, पण जागा कायम ओस. कोणी दिसलं नाही.

मला वाईट वाटलं. मेलेल्या लोकांचं काम आहे, नीट करू, एवढं मनात आलं आणि मी साफ करायला घेतलं. नियम सोपा होता. कोरीव चित्र ठेवायचं, खालचा मजकूर ठेवायचा, बाकी सगळं काढायचं. बाकीत काय यायचं, तर डाग, घड्या, मापाच्या रेषा, पेन्सिलीच्या खुणा. आणि मापाच्या रेषेच्या टोकाशी बऱ्याच पानांवर, त्या देवमाशाच्याही, एक छोटंसं काहीतरी असायचं, शाईने फटकन काढलेलं. कामाच्या सूचनांत त्याला ‘झुडूप’ म्हटलं होतं. झुडूप काढायचं. मी काढत गेले.

काम बरंच पुढे गेल्यावर ग्रंथालयाने व्हिडिओ कॉल ठेवला. पानं लोकांसाठी खुली करण्याआधी तिथल्या आदिवासींपैकी कोणीतरी बघून सांगतं, की यातलं काय दाखवायचं आणि काय नाही. हे मला टीम लीडरने कॉलच्या पाच मिनिटं आधी सांगितलं.

“कोणापैकी?” मी विचारलं.

“आदिवासींपैकी.”

“पण ते तर कोणी नाहीयेत ना आता?”

त्याने खांदे उडवले. “आता कॉलवर येतायत म्हणजे असतील.”

स्क्रीनवर एक बाई आली. पिकलेले केस, चष्मा, मागे स्वयंपाकघर, गॅसवर किटली. साधारण माझ्या आईच्या वयाची. मी तिच्याकडे बघत होते. इतके आठवडे मी जिला मेलेली समजून चालले होते, ती बाई किटली बंद करायला उठली आणि परत येऊन बसली.

ग्रंथालयाच्या माणसाने ओळख करून दिली, की त्या कातळाच्या खालच्या खाडीवर यांच्या आजीचं घर होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, “पण पानावर लिहिलंय की कोणी उरलं नाही.”

टीम लीडरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. बाई मात्र हसली.

“हो, आमच्या घरात तो विनोदच आहे,” ती म्हणाली. “जेवायला बोलवायचं तर आजी हाक मारायची, या रे, उरले नाहीत ते सगळे या.”

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिच्या लोकांना तेव्हा ख्रिस्ती मिशनच्या वस्तीत ठेवलेलं होतं. रविवारी सगळ्यांनी प्रार्थनेला हजर राहायचं, नाहीतर आठवड्याचा शिधा बंद. बाकीच्या दिवसांत माणसं खाडीवर मासे धरायला जायची, वर कातळावर जायची, पोरांना ती पावलं दाखवायची. रविवारी फक्त कोणी नसायचं. आणि साहेबाला सुट्टी फक्त रविवारी.

म्हणजे कुलूप होतं. एवढंच. तो कुलूप बघून गेला आणि लिहिलं, बंद.

बाई पुढे कामाचं बोलली. त्या कातळाच्या एका भागावर आता समुद्र बघायला येणाऱ्यांसाठी गाड्या लावायची जागा करायचं चाललंय. तिच्या लोकांनी हरकत घेतली, तर समोरून याच गृहस्थाचा कागद काढला, की बघा, त्या काळातच इथे तुमचं कोणी नव्हतं, मग तुमचा संबंध कसा? तुटलेला आहे. तिला काहीतरी हवं होतं, ज्यात तिची माणसं त्या कातळावर, त्याच काळात दिसतील.

“मूळ कागद बघितले असते,” ती म्हणाली, “पण स्कॅन करून ते त्या गृहस्थाच्या वारसांच्या घरी परत गेले आणि ते घर वणव्यात गेलं. आता जे आहे ते तुमच्याकडे आहे. म्हणून विचारते. एखाद्या तरी पानावर कोणी माणूस आहे का? कोरलेला नाही. खरा?”

“नाही,” टीम लीडर म्हणाला. “फक्त कोरीव चित्रं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. नाही.

तिने आभार मानले आणि कॉल संपला.

त्या रविवारी आमच्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याखाली फळ्या मारायच्या होत्या. तेव्हा आम्ही असल्फ्याला भाड्याने होतो. सुताराला मापं द्यायची म्हणून अण्णांनी त्यांची जुनी फीत काढली. कामावरून घरी बसल्यावरही ती त्यांनी टाकली नव्हती. मला म्हणाले, तू वाच, मी धरतो. आणि ते ओट्याच्या त्या टोकाला बसले.

एक गुडघा जमिनीला. कडी अंगठ्याखाली. डावा हात वर, पंजा उघडा. अंग मागे कललेलं.

माझ्या हातातून फीत सुटली. सर्रकन जाऊन अण्णांच्या बोटावर बसली.

“आगं! झोपली का काय?”

“अण्णा, असेच बसा.”

“का?”

“हलू नका. हात खाली घेऊ नका.”

“अगं, हिला काय झालं बघ,” अण्णांनी आईला हाक मारली, पण हात खाली घेतला नाही. बिचारे तसेच बसून राहिले. मी बघत होते. खुरटं झाड. झुडूप. मी माउसने किती झुडपं काढली होती ते मला आठवेना.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचले. शेवटच्या थप्पीचे मूळ, साफ न केलेले स्कॅन अजून सर्व्हरवर होते. एक पान उघडलं, झुडपावर गेले आणि मोठं केलं. गुडघा. पुढे दाबलेला हात. वर केलेला पंजा, पाच बोटं वेगवेगळी. दुसरं पान, तेच. तिसऱ्या पानावर तो जरा मोठा काढलेला होता. पाय अनवाणी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने, अगदी फिकट, एक शब्द. त्या काळी साहेब लोक तिथल्या माणसांना ज्या शब्दाने हाक मारायचे, तो. मी तो इथे लिहीत नाही. आमच्या माणसांसाठीही अण्णांच्या गावात असाच एक शब्द होता, तोही मी कुठे लिहीत नाही. पण वाचल्यावर कानशील तापतं ते सारखंच.

म्हणजे दर रविवारी त्या गृहस्थासमोर माणूस होता. त्याच्याच फितीचं टोक धरून. त्याने तो बघितला, कागदावर काढलासुद्धा, माप घेतलं, आणि खाली लिहिलं, की कोणी दिसलं नाही.

टीम लीडर आला तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवलं. 

“हे काय आहे?”

“झुडूप.”

“नीट बघ.”

“अगं यार, मंजूर झालंय सगळं. कशाला वाट लावतेस?”

“फितीला टोकं किती?”

“काय?”

“किती टोकं असतात रे फितीला?”

“दोन.”

“एक साहेबाच्या हातात. दुसरं?”

“खुंटी ठोकून बांधली असेल ना.”

“कातळात? खुंटी? तू ठोकून दाखव.”

मी त्याला पाच बोटं दाखवली. मग पाय दाखवले. मग तो शब्द. त्याने खुर्ची मागे सरकवली.

“आयला,” तो हळूच म्हणाला. “हा तर माणूस आहे.”

“हो.”

“आपण कॉलवर नाही म्हणालो.”

“हो.”

“आणि आधीची पानं?”

तेच विचारायचं होतं मला. ती कुठे आहेत? त्याने तोंडावर हात ठेवला. स्कॅन थेट आमच्याकडे यायचे, ग्रंथालयाकडे त्यांची प्रत नसायची, आणि त्यांना साफ केलेलीच पानं पाठवायची असा करार होता. पान मंजूर झालं, की त्याचा मूळ स्कॅन महिन्याच्या शेवटी सर्व्हरवरून आपोआप पुसला जायचा. सुरुवातीच्या थप्प्या पुसल्या गेल्या होत्या. देवमाशाचं पान गेलं होतं. मी एवढ्या निगुतीने साफ केलेलं पान, आणि त्यातला माणूस आता जगात कुठेच नव्हता. मूळ कागद वणव्यात गेलेला, स्कॅन आमच्याकडून गेलेला. उरलेली पानं त्या आठवड्याच्या शेवटी, महिना संपताच, जाणार होती.

आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता. म्हणाला, सूचनांत झुडूप लिहिलंय, आपण सूचना पाळल्या, आता आपणच चूक होती म्हटलं तर सगळं काम पुन्हा, फुकटात. “ग्राहकाने विचारलं तर बघू.”

“ग्राहकाने विचारलंय सर,” मी म्हटलं. “बाईंनी तोंडावर विचारलंय, माणूस आहे का.”

“मग आपण उत्तर दिलंय.”

“चुकीचं दिलंय.”

“तू तुझं काम कर ना.”

आमच्याकडे नियम होता, ग्राहकाला आपण थेट लिहायचं नाही. नोकरी जाते. घरात तेव्हा माझाच पगार येत होता. मी जागेवर येऊन बसले. समोर स्क्रीनवर तो पंजा वर करून बसला होता. कडी बसली, ताण. मला एकच दिसत होतं, की त्या पोराने आमच्या दारावर ब्रश टेकवला तेव्हा अण्णा वरच्या गल्लीत असेच बसले असणार. शेजारीण ओरडून सांगत होती तो फितवाला बघा म्हणून, आणि कोणीही मान वर करून बघितलं नाही.

मी ग्रंथालयाला लिहिलं. जेवढं येतं तेवढ्या साध्या इंग्रजीत. की तुमच्या पानांवर एक माणूस आहे, आम्ही त्याला झुडूप समजून पुसत होतो, तो फितीचं टोक धरून बसलेला आहे. मला हे कसं कळलं, तर माझे वडील तेच काम करायचे. उरलेले मूळ स्कॅन या आठवड्यात पुसले जातील, लगेच मागून घ्या. सोबत तीन पानं जोडली आणि पाठवून टाकलं.

टीम लीडर मागे उभा होता. मला कळलंच नव्हतं.

“पाठवलंस?”

“हो.”

“मला सांगायचंस ना. माझंही नाव टाकलं असतं.”

“उगाच तुझी नोकरी जायची.”

“माझा बाप पार्ल्यात फ्लॅट ठेवून बसलाय,” तो म्हणाला. “माझी गेली तर चालते गं.” आणि त्याने माझ्याच मेलला जोडून स्वतःच्या नावाने दोन ओळी पाठवल्या, की हे खरं आहे, मीही पाहिलं. पहिल्यांदाच मला तो पार्ल्याचा पोरगा लांबचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. खूप ओरडला. कोणाला विचारून लिहिलंस? मी म्हटलं, कोणाला विचारून नाही सर. त्याने मला त्या कामावरून काढलं आणि लेखी ताकीद दिली. मी सही केली. तोपर्यंत ग्रंथालयाने उरलेले सगळे मूळ स्कॅन मागवून घेतले होते.

त्या बाईशी पुन्हा एकदाच बोलणं झालं. ग्रंथालयाच्या माणसाने तिला पानं लगेच दाखवली नव्हती. मेलेल्या माणसाचं चित्र त्यांच्यात असं अचानक समोर धरत नाहीत. तिने आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं आणि मग बघितलं. मी आपली बडबड करत होते, की बघा, हा पंजा, हा इशारा, हे असं असतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “आमच्या घरात सांगतात, एकजण होता, रविवारी प्रार्थना चुकवायचा म्हणून त्याचा शिधा तोडला होता. कुठे जायचा ते कोणाला माहीत नव्हतं.”

“हाच तो?”

“मी तसं म्हणणार नाही,” ती म्हणाली. “मला माहीत नाही. कोणीतरी होता, एवढं मला पुरे आहे.” आणि तिने चष्मा काढला. तिच्या मागे किटली शिट्टी मारायला लागली तरी ती उठली नाही.

घरी मी अण्णांना मोबाईलवर ते पान दाखवलं. त्यांनी लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

“कडी बरोबर धरलीय,” म्हणाले.

“मग?”

“पण साहेब ढिला असणार. ह्यो किती मागं कललाय बघ. फीत ताणत नसंल नीट तो साहेब.” मग जरा वेळाने म्हणाले, “चला, ह्याला काढला तरी चित्रात. आम्हाला कुठं कोण काढतंय.”

आई आतून म्हणाली, “तुमचा फोटो काढायला कॅमेरा फुटंल.”

अण्णांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मग पुन्हा मागून घेतला. अंगठ्याने चित्र मोठं केलं, जसं मी शिकवलं होतं तसं. बराच वेळ बघत बसले. आणि मान वर न करता विचारलं, “मग ह्याच्या माणसांना जागा मिळाली का?”

तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. ती पानं हरकतीला पुरावा म्हणून लागली आणि गाड्या लावायची जागा त्या कातळावर झाली नाही, रस्त्याच्या पलीकडे झाली. त्या दगडावर काहीही करायचं असलं, तर त्या बाईच्या लोकांना आधी विचारावं लागतं. उरलेली पानं ग्रंथालयाने मापाच्या रेषांसकट, पेन्सिलीच्या खुणांसकट खुली केली आहेत. देवमाशाचं पान मात्र साफ केलेलंच आहे. त्याच्याखाली लिहिलंय, की इथे एक माणूस होता, तो पुसला गेला. गृहस्थाचं ते जुनं वाक्य काढलेलं नाही, पण त्याच्या खाली नवी ओळ घातली आहे, की हे लोक इथेच होते आणि आहेत. आणि फितीचं दुसरं टोक धरणारा माणूस आता प्रत्येक उरलेल्या पानावर आहे, आणि वर्णनात त्याला झुडूप नाही, माणूस म्हटलेलं आहे.